मुकादमाची उचल आणि दिल्लीचे वीस कोटी

सिरसाळ्याच्या स्टँडवर बीडची गाडी धरायला उभ्या असलेल्या म्हातारीच्या पिशवीत डोकावलं की ती कुठं निघालीय ते कळतं. फायली आणि एक्स-रे असतील तर दवाखाना. धुतलेला शर्ट, साबणाच्या दोन वड्या आणि आधारकार्ड असेल तर जेल. तेलगाव, वडवणी करत ती पोचते, जाळीपलीकडच्या पोराशी चार शब्द बोलते आणि सांजच्या गाडीनं माघारी येते. पोराला जामीन झालेला आहे. सुटायचं तेवढं राहिलंय. जामीनदार लागतो, त्याचा सातबारा लागतो, तहसिलातून ऐपतीचा दाखला लागतो. आणि ज्या चुलत्याच्या नावावर दीड एकर आहे, तो दसऱ्यापासून कोल्हापूरकडं उसाच्या फडात.

सरकारला याची कल्पना नाही असं कुणी म्हणू नये. 2023-24 च्या अर्थसंकल्पात गरीब कैद्यांसाठी खास योजना आली. वर्षाला 20 कोटी. 2023 च्या मूळ नियमांत कच्च्या कैद्याला जामिनासाठी 40 हजारांपर्यंत, पक्क्याला दंडासाठी 25 हजारांपर्यंत. त्यासाठी जिल्ह्यात समिती: जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, कारागृह अधीक्षक, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव आणि एक न्यायाधीश. त्याच नियमांत, जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर जेलनं कळवायचं, मग दहा दिवसांत त्याच्या गरिबीची चौकशी, मग बैठक. पाच साहेबांना एका दुपारी एका टेबलाशी बसवणं हीसुद्धा सक्तमजुरीच, पण ती शिक्षेत धरत नाहीत.

निधीची केंद्रातली सूत्रं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडं. म्हणजे कैदी मोजणारेच पैसे सोडणार. मोजणी चोख आहे: 2022 अखेर देशभरात 5,73,220 कैदी, जागा 4,36,266 जणांची, आणि कैद्यांतले 4,34,302 कच्चे. वीस कोटी सगळ्या कच्च्यांना सारखे वाटले तर माणशी 460 रुपये पडतात. तेवढ्यात वकिलाच्या झेरॉक्सा होतील. गंमत पुढंच आहे. हे पैसेही उठेनात, तेव्हा जानेवारी 2025 मध्ये केंद्रीय गृहखात्याला राज्यांना पत्र लिहावं लागलं, की बाबांनो, योजना वापरा.

दुसऱ्या खिशात मात्र हात सैल आहे. 2021 ते 2026 साठी तुरुंगांच्या आधुनिकीकरणाला 950 कोटी. स्कॅनर, मेटल डिटेक्टर, जॅमर. आत काय जातं हे बघायला यंत्र आलं. आतून कोण बाहेर यायचं राहिलंय, ते बघायला समिती.

सुधारणा दाखवायची म्हटली की आपला कुणी हात धरत नाही. 2018 मध्ये लंडनच्या कोर्टानं विजय मल्ल्याच्या प्रत्यार्पणाच्या खटल्यात मुंबईच्या आर्थर रोड जेलमधल्या बराक नंबर 12 चा व्हिडिओ मागितला, तोही भर दुपारचा, म्हणजे खिडकीतून उजेड येतो का ते दिसावं. चित्रण झालं, गेलं, कोर्टानं पाहिलं. बीडच्या बराकीत ऊन कुठल्या बाजूनं येतं हे लंडनला कुणी विचारलेलं नाही. 2021 च्या प्रजासत्ताकदिनी येरवड्यात जेल पर्यटन सुरू झालं, तिकीट 50 रुपये. पुढच्याच वर्षी तिथल्या कैद्यांना राज्य सहकारी बँकेकडून 7 टक्क्यांनी 50 हजारांपर्यंत कर्ज. थोडक्यात, येरवड्यात तिकीट काढून आत जाता येतं आणि आत बसून कर्ज मिळतं.

सिरसाळ्यात कर्ज देणारी बँक म्हणजे ऊसतोडीचा मुकादम. फडावर कोयते कमी पडले की तो चावडीजवळ मोटारसायकल लावतो. पोर आणि सून मिळून एक कोयता, अंगठा इथं, उचल ही घ्या. चौकशी नाही, दाखला नाही; त्याच्या समितीत तो एकटाच आणि कोरम कायम पुरा. जामीनदाराच्या जागी रोख रक्कम कोर्टात भरली जाते, पोर दुपारी सुटतं, रात्री ट्रकमध्ये.

परळीच्या कोर्टातली तारीख जानेवारीत पडते, कारखान्याचा पट्टा मार्चशिवाय पडत नाही, म्हणजे हंगाम संपत नाही, आणि खाडा केला तर मुकादम पैसे कापतो. पोर काही तारखेला येत नाही. मग अजामीनपात्र वॉरंट घेऊन शिपाई दारात उभा राहतो. म्हातारी त्याला पाणी देते आणि खुंटीवरची पिशवी उतरवून बघते. साबणाची एक वडी अजून शिल्लक आहे.