खुर्चीतली मुलूखगिरी

प्रवासवर्णन लिहिणाऱ्याने निदान घराचा उंबरठा तरी ओलांडलेला असावा, अशी जी एक जुनी अपेक्षा वाचकवर्ग अद्याप बाळगून आहे, तिचा मी मनःपूर्वक आदर करतो. परंतु होल्डॉल, फिरकीचा तांब्या आणि दूरच्या नातेवाइकांचे पत्ते घेऊन निघालेल्या माझ्या कोणत्याही पूर्वसूरीने जितका मुलूख पालथा घातला नसेल तितका मी अलीकडे घातला, आणि तो सगळा आमच्या ओटीवरच्या वेताच्या खुर्चीतून घातला, हे आरंभीच नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. परदेशी नोकरीवर रुजू होताना भाच्याने आपली सर्व खेळयंत्रे, त्यांच्या वायरींच्या गुंत्यासह, माझ्या हवाली केली, आणि 'मामा, वेळ जात नसेल तेव्हा बघा' एवढाच उपदेश करून तो विमानात बसला. वेळ जात नाही ही अडचण तेव्हापासून मला कधी जाणवली नाही. त्या यंत्रांतून जे देश पाहिले त्यांविषयी माझे जे बरेवाईट मत झाले, ते कोणाचीही भीडमुर्वत न ठेवता येथे सादर करीत आहे.

या सर्व मुलखांचा एक सामायिक दोष प्रथमच सांगून मोकळा होतो. निसर्ग अप्रतिम, मुक्कामाला भाडे नाही, पासपोर्टाची झडती नाही. परंतु मुशाफिराला मुशाफिरी करू देण्याचा शिरस्ता मात्र बहुतेक ठिकाणी नाही. लग्नघरी पाहुणा म्हणून जावे आणि मांडवाच्या दारातच हाती वाढपाची बादली यावी, तशी माझी देशोदेशी गत झाली. 'ॲसॅसिन्स क्रीड: ओडिसी' या खेळातला ग्रीस इसवी सनापूर्वी 431 चा आहे, म्हणजे अथेन्स आणि स्पार्टा यांचे युद्ध नुकतेच पेटलेले, पार्थेनॉन शाबूत, त्यावरचा रंग ताजा, आणि पलीकडे समुद्र असा निळा की पाहणाऱ्याने दोन घटका स्वस्थ उभे राहावे. पण उभे राहू देतो कोण? नकाशा उघडावा तर तो प्रश्नचिन्हांनी बुजबुजलेला, आणि रस्त्याने जावे तर कोणाचा आप्त हरवलेला, कोणाचा माल लुटलेला, कोणाला सूड हवा असून तो घेण्यास स्वतःला सवड नसलेली. साक्षात सॉक्रेटिस भेटला तेव्हा वाटले, आता चार शहाणपणाच्या गोष्टी कानी पडतील. त्या पडल्याही, परंतु बोलता बोलता त्यानेही एक काम माझ्या गळ्यात घातलेच. ही तक्रार माझी एकट्याची नसावी, कारण 2019 साली खेळाच्या निर्मात्या युबिसॉफ्टनेच याच ग्रीसची, रक्तपात आणि कामगिऱ्या वगळून केवळ हिंडावयाची अशी स्वतंत्र आवृत्ती काढली. मोठ्या आशेने मी तीतही गेलो. तेथे सोबतीला माहीतगार मार्गदर्शक देतात, आणि सहल संपताच तो प्रवाशाची तोंडी परीक्षा घेतो.

'रेड डेड रिडेम्प्शन 2' मधली 1899 सालची अमेरिका ही या सर्वांत देखणी, असे माझे स्पष्ट मत आहे. पहाटेच्या धुक्यातून सूर्यकिरण तिरपे येतात, आपली दाढी दिवसेंदिवस वाढते, घोड्याला वेळच्या वेळी खरारा करावा लागतो. आणि आपण आर्थर मॉर्गन नावाच्या एका दरोडेखोराच्या देहात वास्तव्य करीत असतो. दरोडेखोरीच्या धंद्यात तरी मोकळा वेळ मिळत असेल, ही माझी समजूत टोळीतल्या सावकारी करणाऱ्या एका ऑस्ट्रियन गृहस्थाने दूर केली; त्याने मला आजारी आणि नादार कुळांच्या दारी वसुलीच्या तगाद्यावर धाडले. टोळीचा म्होरक्या डच व्हान डर लिंड हा वक्ता दशसहस्रेषु. प्रत्येक बेत फसला की तो सर्वांना धीर देतो की आता एकच मोठा हात मारू, पैसा गाठीला बांधू, आणि ताहिती बेटावर जाऊन आंबे पिकवू. आंब्याच्या बागेत फवारणी, राखण आणि दलाल यांचे पोट भरून हाती काय उरते हे ज्याला ठाऊक आहे अशा माझ्यासारख्या रत्नागिरीकराला, त्यासाठी बँका लुटीत हिंडणाऱ्या त्या टोळीची मनापासून कीव आली. खेळ उत्तम, भांडवली योजना कच्ची.

निन्टेन्डोच्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये दिसेल तो कडा चढता येतो, ही कीर्ती खरी आहे. फक्त निम्म्या वाटेवर आभाळ भरून येते, कातळ निसरडा होतो आणि प्रवासी होता त्या जागी परत येतो. कोकणात जन्म काढलेल्याने पावसाविरुद्ध दरखास्त करणे शोभत नाही, म्हणून ती करीत नाही. या मुलखात कोरोक नामक चिमुकल्या वनवासी जीवांनी 900 बिया दडवून ठेवल्या आहेत, आणि त्या सर्वच्या सर्व शोधून काढणाऱ्या चिकाटीच्या पुरुषास बक्षीस म्हणून जी सुवर्णवर्णी वस्तू अर्पण केली जाते ती आकाराने आणि आशयाने विष्ठा आहे. पारितोषिकांच्या इतिहासात इतका प्रांजळपणा अन्यत्र आढळत नाही.

परक्या मुलखाचे दोष काढणे सोपे. आपल्या सह्याद्रीची पाळी येते तेव्हा लेखणी जड होते. कॅलिफोर्नियाच्या नॉटी डॉग या कंपनीने 2017 साली 'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी' काढला, त्यात क्लोई फ्रेझर आणि नदीन रॉस या दोन धाडसी स्त्रिया गणपतीच्या सुळ्याच्या शोधात पश्चिम घाटात उतरतात, होयसळांच्या लुप्त नगरांतून जीप दामटतात, आणि ज्या ज्या प्राचीन वास्तूला हात लावतात ती ती ढासळवून पुढे जातात. घाटातली हिरवळ, तांबडी माती, कड्यावरून कोसळणारे पाणी यांत नाव ठेवायला जागा नाही. परंतु ज्याने बेलूर-हळेबीड पाहिले आहे त्याला ठाऊक असते की होयसळांची कीर्ती उंचीची नव्हे. मऊ संगजिऱ्याच्या दगडात, तारकाकृती जोत्यावर, हातभर जागेत त्यांनी जे कोरले ते पाहण्यासाठी माणसाला वाकावे लागते. या खेळातले होयसळ मात्र डोंगराएवढे पुतळे उभारतात आणि शतकानुशतके तेलाचा थेंब न लागलेली त्यांची दगडी चक्रे कळ फिरवताच सुरळीत चालू होतात. एवढा घाट तुडवूनही मला एक जळू चिकटली नाही, चहाची एक टपरी आडवी आली नाही, की वळणावर समोरून एसटी येऊन काळजाचा ठोका चुकला नाही. तरीही एका प्रसंगासाठी मी या खेळाचे शंभर अपराध माफ करतो: एके ठिकाणी त्या दोघी एका हत्तीवर बसतात आणि थोडा वेळ, काही न शोधता व काही न पाडता, नुसत्या जातात. जाता जाता सांगावयाचे म्हणजे, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 साली काढलेल्या 'राजी' या खेळात मारामारी लवकरच एकसुरी होते, परंतु त्यातले महाल आणि जाळ्या-झरोके आपल्या माणसाने नीट पाहून काढले आहेत हे लगेच ओळखू येते. दुर्गा आणि विष्णू त्यात नायिकेच्या पराक्रमावर वरून भाष्य करीत असतात. त्यांतले एकही दैवत मधूनच खाली उतरून काम सांगत बसत नाही, हेही नसे थोडके.

जमिनीवर हे असे म्हणून मी काही काळ आकाशमार्ग धरला. 2020 सालचा 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर' फ्रान्समधल्या बोर्दो शहरी, असोबो स्टुडिओने सिद्ध केला असून त्यात बिंगच्या नकाशांवरून सबंध पृथ्वी उभारलेली आहे. विमान हाती येताच मनुष्य हिमालयाकडे जात नाही; तो आपले घर शोधतो. मीही रत्नागिरीवर घिरट्या घातल्या. समुद्र जागच्या जागी होता. आमचे घर मात्र यंत्राने स्वतःच्या अकलेने बांधले होते, आणि ते मूळ वास्तूपेक्षा पुष्कळच सुस्थितीत असल्यामुळे मी आक्षेप घेतला नाही. या यंत्राचा स्वभाव महसूल खात्याच्या वळणावर गेला आहे. दप्तरी जी नोंद असेल ती त्याला प्रमाण. कोणा स्वयंसेवकाकडून सार्वजनिक नकाशात एका इमारतीचे मजले 2 ऐवजी 212 नोंदले गेले, आणि हा खेळ निघाला तेव्हा मेलबर्नच्या एका साध्यासुध्या उपनगरात ढगांत शिरणारा 212 मजली सुळका उभा! जगभरचे वैमानिक त्याच्या दर्शनास लोटले. त्याच सुमारास लंडनचा बकिंगहॅम राजवाडा एखाद्या सामान्य कचेरीच्या रूपात दिसत होता. पुढे या दोन्ही नोंदींची दुरुस्ती झाली. हे ऐकून मी हळहळलो. कारण ज्या चुका पाहण्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करावी अशा चुका जगात फार थोड्या असतात.

आता ज्यांच्याविषयी बोलण्यासाठी मी हा सारा खटाटोप मांडला त्या खेळांकडे येतो. जे खेळ जगाला वाचवण्यासाठी बोलावतात आणि प्रत्यक्षात निरोप्याची कामे करवून घेतात, त्यांच्यापेक्षा जे पहिल्याच भेटीत 'तुम्ही हमाल आहात, हे ओझे, ती वाट' असे सांगतात ते मला अधिक सज्जन वाटले. हिदेओ कोजिमा यांच्या 2019 सालच्या 'डेथ स्ट्रँडिंग'चा नायक सॅम हा निखालस हमाल आहे. उद्ध्वस्त अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडून पश्चिम किनाऱ्याकडे त्याने पाठीवर डोक्याहून उंच चळत रचून जावयाचे; तोल जाऊ लागला की दोन बटणे दाबून खांद्यावरचे पट्टे आवळावयाचे; बूट झिजतात म्हणून जादा बूट बरोबर बाळगावयाचे. पाऊस असा की ज्यावर पडेल ते म्हातारे होते. वाटेतले लुटारू असे की त्यांना द्रव्याचा लोभ नाही, पार्सलांचे व्यसन आहे. छातीवर काचेच्या कुपीत एक अर्भक बांधलेले असते. आपण ठेचकाळलो की ते रडू लागते, आणि कंट्रोलर हातांत हळूहळू झुलवून त्याला उगी करावे लागते. हे करीत असता शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या आणि काही न विचारता परत गेल्या. मनुष्यजात नामशेष होण्याच्या बेतात असताना एका गृहस्थाने पिझ्झा मागवला, आणि तो आडवाच पोहोचला पाहिजे अशी ताकीद दिली; तो डोंगरातून आडवा नेताना जी एकाग्रता मला साधली ती प्राणायामात कधी साधली नव्हती. मोबदला पैशाचा नाही, लोकांच्या पसंतीच्या अंगठ्यांचा. दोष सांगावयाचा तर पात्रे फार बोलतात. कोजिमा एकदा निरूपणाला उभे राहिले की आरतीची वेळ टळली तरी थांबत नाहीत. परंतु ऐन ओढ्याकाठी, जेथे पाय घसरणार अशी खात्री झालेली असते तेथे, कोणी अनोळखी खेळाडू आपल्याआधी शिडी टाकून गेलेला असतो. तो कोणत्या देशीचा, कोणत्या भाषेचा, हे कधी कळत नाही. मी त्याला अंगठा दिला आणि पुढच्या कड्यावर एक दोर सोडून ठेवला.

या पंथाचा परमहंस म्हणजे 'यूरो ट्रक सिम्युलेटर 2'. प्राग येथील एससीएस सॉफ्टवेअरने तो 2012 साली काढला. येथे राक्षस नाही, राजकन्या नाही. मालमोटार आहे, माल आहे, मुदत आहे, आणि बँकेचे कर्ज आहे. युरोपखंड सुमारे एकोणीसपटीने आक्रसून बसवलेले असल्यामुळे जेवणाआधी निघालेला माणूस कॉफीच्या वेळेस दुसऱ्या देशात पोहोचतो. सिग्नल तोडला, दंड. वेग वाढला, कॅमेऱ्याने टिपून दंड. झोप अनावर झाली तरी विश्रांतिस्थळी थांबला नाहीत, तर डोळ्यांपुढे अंधारी आणि वर दंड. जर्मनीच्या हमरस्त्यावर पाऊस पडत असतो, वायपर चालू असतो, आणि पाठीशी कित्येक टन माल निमूटपणे येत असतो. कॅलेहून डोव्हरला उतरताच सर्व रहदारी डाव्या हाताने चालू लागते; परदेशात इतका वेळ उजवीकडून वावरल्यावर माहेरच्या वळणाचा रस्ता लागल्याचे जे समाधान, ते मला खऱ्या विलायतेने दिले असते की नाही याची शंका आहे. मी भाच्याला फोनवर हे सविस्तर सांगितले. तो म्हणाला, "मामा, हे काम करायला लोक पगार घेतात. तुम्ही फुकट करताय, वर दंड भरताय." मी म्हटले, "अरे, पण वाटेत कोणी हाक मारीत नाही." यावर त्याने प्रकृतीची चौकशी केली.

याहून कठोर साधना हवी असेल तर 'डेझर्ट बस' आहे. पेन आणि टेलर या अमेरिकन जादूगारद्वयाच्या नावाने 1995 च्या सुमारास सेगाच्या यंत्रासाठी जो खेळसंग्रह तयार झाला आणि प्रकाशकाचे दिवाळे वाजल्यामुळे रीतसर विक्रीस कधी आलाच नाही, त्यातला हा एक खेळ. ॲरिझोनातल्या टूसॉनपासून लास व्हेगासपर्यंत वाळवंटातून रिकामी बस न्यावयाची. वेग ताशी 45 मैलांहून अधिक नाही. आठ तास म्हणजे घड्याळाचे आठ तास. मध्ये थांबण्याची सोय नाही. आणि बस सदैव किंचित उजवीकडे ओढते, म्हणून चाक सोडून डुलकीही काढता येत नाही. रस्ता सोडलात तर गाडी बंद पडते आणि तिला ओढून टूसॉनला परत आणतात, तेही तितकाच वेळ घेऊन. पोहोचलात तर एक गुण मिळतो. हिंसक खेळांविरुद्ध तिकडे जी ओरड चालली होती तिला उत्तर म्हणून, पूर्ण निरुपद्रवी आणि जीवनाशी तंतोतंत इमान राखणारा खेळ कसा असेल ते दाखवण्यासाठी ही थट्टा रचली होती. थट्टेचे फळ असे की कॅनडातली काही मंडळी 2007 पासून दरसाल दिवसचे दिवस ही बस हाकतात, लोक त्यांना पैसे देतात, आणि ती रक्कम आजारी मुलांच्या मदतीस जाते. रणांगणे गाजवणाऱ्या कितीतरी खेळांच्या खाती एवढे पुण्य जमा नसेल.

तेव्हा ज्यांना सवड थोडी आहे त्यांनी क्लोईबाईंबरोबर तो हत्तीचा प्रवास करून परत यावे. देखावाच पाहावयाचा असेल त्यांनी डचच्या टोळीत जावे, पण त्याच्या आंब्यांत पैसे गुंतवू नयेत. ग्रीसला जाणाऱ्यांनी आधी अभ्यास करावा. मला विचाराल तर यूरो ट्रक घ्यावा. मात्र अंधार पडताच पुढचे दिवे लावण्यास विसरू नये. त्याचाही दंड होतो.