कारणे देऊ नका

एमएचटी-सीईटीच्या अभ्यासाची सुरुवात पुस्तकाने होत नाही, वेळापत्रकाने होते. ते चार रंगांच्या स्केचपेनांनी आखायचं असतं, त्यामुळे एक अख्खा रविवार त्यातच जातो. पहाटे पाच ते रात्री अकरा सगळ्या चौकटी भरतात. जेवणाला वीस मिनिटं मिळतात, आंघोळ बहुधा राहून जाते. वेळापत्रक भिंतीवर चिकटलं की घराला हायसं वाटतं. माझ्या भाचीचं तर इतकं देखणं झालं होतं की आल्यागेल्याला चहाच्या आधी ते दाखवलं जाई.

खरी पंचाईत पुढे असते. शाळेपासून बारावीच्या बोर्डापर्यंत आपण मुलांकडून एकच गोष्ट घोटून घेतो: कारणे द्या. पक्ष, साध्य, सिद्धता. उत्तर चुकलं तरी पायऱ्या लिही, पायऱ्यांना गुण असतात! फेब्रुवारी-मार्चमध्ये पोरगी पुरवण्या जोडजोडून पायऱ्या लिहिते आणि एप्रिल-मेमध्ये संगणकासमोर बसते, तर तिथे पायऱ्या कोणालाच नको असतात. भौतिक-रसायनाचे मिळून १०० प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताचे प्रश्न ५०, वेळ तेवढाच, गुण प्रत्येकी दोन. तिथे १०८ सेकंदांची श्रीमंती. ५४ सेकंदांत आमच्या पिढीचं नुसतं 'समजा' लिहून झालं असतं.

तेव्हा माझं प्रामाणिक मत असं की या परीक्षेसाठी शिकायची मुख्य विद्या म्हणजे सोडून देणं. ताटात काही टाकायचं नाही, या संस्कारात वाढलेल्या पोरांना ती जड जाते. त्यातही हुशार पोरांना जास्त. मध्यम मुलगा अडला की मुकाट्याने पुढे सरकतो. हुशार मुलगी मात्र एखाद्या फिरत्या चकतीशी सहा मिनिटं इरेला पडून झुंजते. चकती शेवटी शरण येते, एक गुण देते, आणि तेवढ्यात पलीकडचे सहा सोपे प्रश्न निघून गेलेले असतात. घड्याळ लावून सराव परीक्षा द्यायच्या त्या ज्ञान वाढावं म्हणून नव्हे, हा मानी स्वभाव थोडा झिजावा म्हणून.

सोडलेल्या प्रश्नांवर शेवटच्या दोन मिनिटांत काहीतरी टिचकवून यावं, कारण सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. जेईई मेनमध्ये बरोबरला चार आणि चुकीला वजा एक. तिथे 'अंदाजाने मारू नकोस' असं सगळे बजावतात. गणित मात्र थोडं चावट आहे: चार पर्यायांत डोळे मिटून मारलं तरी सरासरी पाव गुण पदरात पडतो, एक पर्याय खात्रीने खोडता आला तर दोन तृतीयांश. हे मी भाचीला सांगितलं आणि ताईने मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं.

दुसरं वेड हायलायटरचं. पान पिवळं झालं की धडा पाठ झाला असं वाटतं. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली असाच एक भ्रम तपासला. उतारा पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांना आत्मविश्वास भरपूर होता. आठवड्यानंतर मात्र ज्यांनी पुस्तक मिटून आठवून लिहिलं होतं त्यांच्याच लक्षात जास्त राहिलं. आमच्या गुरुजींनी 'पुस्तक मीट आणि सांग' एवढ्या चार शब्दांत हे आटोपलं असतं. संशोधन त्यांना पाठीवर करायची सवय होती.

अकरावीबद्दल फार बोलत नाही. ते विश्रांतीचं वर्ष, असं महाराष्ट्रात सर्वांचं ठरलेलं आहे. फक्त सीईटीला ते कोणी कळवलेलं नाही, ती २० टक्के प्रश्न अकरावीचेच विचारते.

निकाल लागतो तो पर्सेंटाइलमध्ये. परीक्षा अनेक सत्रांत, प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी, म्हणून नुसते गुण न तोलता आपल्या सत्रात शंभरांतले किती जण आपल्याबरोबर किंवा मागे आहेत ते पाहतात. हे घरोघरी समजावून सांगणं ही आणखी एक प्रवेश परीक्षाच. भाचीला ९६ मिळाले तेव्हा आजोबांनी चष्मा पुसून विचारलं, "छान! पण मग उरलेले चार कुठे गेले?"

"माझ्या पुढे, आजोबा."