खर्जाचा पंचनामा

माणसाने आयुष्याची चौतीस वर्षे सरकारी दप्तरात घालविली म्हणजे निवृत्तीनंतरही त्याच्या हातून काही गोष्टी सुटत नाहीत, आणि त्यांपैकी पहिली गोष्ट म्हणजे पंचनामा. एका तालुका कचेरीत अव्वल कारकून म्हणून काम करीत असता गारपिटीने झोपलेल्या गव्हाचे, पुरात ढासळलेल्या विहिरींचे आणि बांधावरून भांडणाऱ्या सख्ख्या भावांच्या चतुःसीमांचे जे असंख्य पंचनामे मी लिहिले, त्यांची भाषा माझ्या हाडीमाशी इतकी खिळली आहे, की घरात दूध उतू गेले तरी ‘समक्ष पाहता’ हे शब्द आपोआप माझ्या तोंडी येतात. तथापि ज्याला रंग नाही, आकार नाही आणि चतुःसीमाही नाहीत, अशा निव्वळ आवाजाचा पंचनामा करण्याचा प्रसंग आपल्यावर येईल असे मला कधी वाटले नव्हते. तो गेल्या वर्षी आला, आणि आला तो माझ्या स्वतःच्याच मोटारीत.

आमची मोटार लहान, जुनी आणि स्वभावाने सालस आहे. कन्या दौंडास दिली असून जावई रेल्वेत नोकरीस आहेत. सबब शिरूर सोडून न्हावरे, पुढे भीमेचा पूल, केडगाव, चौफुला, वरवंड, पाटस असे करीत दौंड गाठणे हा आमचा महिन्यातून दोनदाचा वहिवाटीचा मार्ग. परगावचे पाहुणे आले म्हणजे मी त्यांना निघोजचे रांजणखळगे दाखवावयास नेतो, आणि कुकडी नदीने दगडगोटे गरागरा फिरवून हजारो वर्षांत ते कातळात कसे कोरले हे भक्तिभावाने सांगतो. मात्र कुकडीला ज्या कामास हजारो वर्षे लागली ते एका पावसाळ्यात उरकणारे कर्तबगार लोक आमच्यातही आहेत, हे त्यांना सांगावे लागत नाही, परतीच्या रस्त्यावर ते त्यांना आपोआप समजते.

अशा या रस्त्यावर उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर चालतात. त्यांना मागे दिवा असेल वा नसेल, गाण्याची सोय मात्र असतेच असते. ट्रॅक्टर नजरेच्या टप्प्यात येण्यापूर्वीच त्याचा खर्ज आपल्या बरगड्यांत येऊन पोहोचतो. मी भजनाचा शौकीन. माझ्या मोटारीत पखवाज वाजे तो केवळ उजव्या हाताचा. डावा हात जणू अर्जित रजेवर गेलेला. डाव्या तोंडाचा तो घुमारा ऐकू यावा म्हणून आवाज वाढवावा, तर घुमाऱ्याऐवजी दारातून ‘खर्र’ असा एक ध्वनी निघे, की जो कोणत्याही घराण्यात मान्य नाही. ट्रॅक्टरवर बसलेल्या पोराच्या वाट्याला जो खर्ज आला तो मला, चौतीस वर्षे निष्कलंक सेवा करूनही, मिळू नये, या विचाराने मी उद्विग्न झालो आणि एके दिवशी बाजारात जाऊन एका दुकानाची पायरी चढलो.

दुकानातील तरुणाने प्रथमच विचारले, “काका, बेस पाहिजे का?”

मी उत्तरलो, “बेसच पाहिजे. वाईट घेऊन काय करायचं आहे मला?”

आमच्या भागात ‘बेस’ म्हणजे उत्तम. तो ज्याला बेस म्हणत होता त्याला मी जन्मभर खर्ज म्हणत आलो, हे उभयतांच्या ध्यानात येईपर्यंत साडेसहा इंची स्पीकरांची जोडी आणि एक ॲम्प्लिफायर माझ्या नावे पडले होते. ॲम्प्लिफायरच्या खोक्यावर ‘1200 वॅट’ असे सोनेरी अक्षरांत छापलेले होते. घरी येऊन मी तो उलटा करून पाहिला, तो मागे 15 ॲम्पियरचा फ्यूज. बॅटरी 12 व्होल्टची; 12 गुणिले 15 म्हणजे 180. उरलेले 1020 वॅट कोठून येणार, याचा खुलासा खोक्यावर कोठेही केलेला नव्हता. जमाखर्चात इतकी तफावत मी एखाद्या तलाठ्याच्या दप्तरात पाहिली असती तर त्याची कैफियत मागविली असती. परंतु खोक्याची कैफियत कोण घेणार? जाणकार सांगतात, की असल्या सोनेरी आकड्याकडे पाहूच नये. बारीक अक्षरांत ‘आरएमएस’ म्हणून जो लहानसा आकडा दिलेला असतो तोच खरा, कारण तेवढी शक्ती यंत्र सतत देऊ शकते. लग्नात हजार पानांची पंगत जाहीर व्हावी आणि प्रत्यक्षात दीडशे पाने उठावीत, त्यातलाच हा प्रकार.

नवे स्पीकर दारांत बसले. खर्ज थोडा वाढला. खडखड दसपट वाढली. न्हावऱ्यापर्यंत आमच्या कुटुंबाने धीर धरला, आणि मग पदर सावरीत निर्णय दिला, “अहो, आधी निदान गाणं वाजत होतं. आता नुसतं दार वाजतंय.”

त्याच सायंकाळी मी पंचनामा करावयास बसलो. पंच दोन : आमचे कुटुंब आणि बारा वर्षांचा नातू. नातवाने मोबाइलवरून सेकंदाला साठ कंपनांचा एक सलग हुंकार गाडीत सोडला आणि तो हळूहळू वरखाली करू लागला, कारण प्रत्येक सैल वस्तू आपापल्या ठरावीक स्वरालाच ओ देते, एरवी साळसूदपणे गप्प बसते. आणि ती ओ देऊ लागली, की त्या जागी तळहात दाबून धरावयाचा. हाताखाली आवाज थांबला तर आरोपी तोच. या रीतीने डाव्या दाराचे अस्तर, पाठीमागची नंबरपाटी, उन्हाची झडप आणि रक्षापात्रातील पाच रुपयांचे नाणे असे चार इसम मुद्देमालासह हाती लागले. नाणे पंचांपैकी एकाने तत्काळ जप्त केले. शेवटचे सदर होते ‘डिकी’. अंधार पडत होता, माझी कंबर दुखत होती, आणि डिकीत काही नाही हे मला ठाऊक होते. मी ‘निरंक’ असे लिहून खाली सही केली.

दाराचा निकाल दौंडास लागावयाचा होता. जावईबापूंच्या ओळखीचा एक कारागीर जंक्शनपासून जवळच बसतो. मोजके बोलणारा गृहस्थ. त्याने दारावर बोटाच्या पेराने, कलिंगड पाहतात तशी टिचकी मारली आणि पत्रा ‘टण्ण’ म्हणाला. “काका,” तो म्हणाला, “तुम्ही स्पीकर बदलला. पण वाजतंय तर दार. दाराचं काय केलं तुम्ही?”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

त्याने अस्तर काढले. मोटारीचे दार आतून मी जन्मात प्रथमच पाहिले. बाहेरून भारदस्त भासणारी ती वस्तू आत म्हणजे एक पातळ पत्रा, मधे पोकळी आणि अलीकडे दुसरा पत्रा, त्याला हाताचा पंजा सहज जाईल एवढाली भगदाडे. आणि भगदाडांवर प्लास्टिकचा एक कागद, तोही निम्मा सुटलेला. कुलपाची सळई पत्र्याला टेकून मोकळी लोंबत होती. अस्तराच्या क्लिपांपैकी तीन तुटलेल्या आणि एक मुळातच गैरहजर.

मग त्याने जे सांगितले ते मी माझ्या भाषेत सांगतो. स्पीकरचा पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते, आणि त्याच क्षणी पाठीमागची हवा विरळ होते. दार जर भगदाडांचे असेल तर मागची हवा वळसा घालून पुढे येते आणि पुढच्या हवेने केलेले सर्व काम रद्द करते. एकाच कचेरीतून एकाच दिवशी ‘करावे’ आणि ‘करू नये’ असे दोन हुकूम सुटावेत आणि रयतेने जागचे हलू नये, तसे. बारीक स्वरांच्या लाटा लहान, त्या या भानगडीतून निसटतात. परंतु 50 कंपनांच्या स्वराची लाट सुमारे 7 मीटर लांब, म्हणजे आमच्या सबंध मोटारीहून मोठी, तिला या वळशाचे काय वाटणार? म्हणून खर्जच तेवढा मरतो. माझा खर्ज दुकानात विकत मिळणारा नव्हताच. तो दारात तयार होत होता आणि दारातच गळत होता.

कारागिराने भगदाडे पत्र्याच्या तुकड्यांनी बुजविली, आणि दोन्ही पत्र्यांवर ॲल्युमिनियमचा मुलामा असलेले, डांबरासारखे काळे, चिवट रबरी थर रुळाने दाबून चिकटविले. ते पाहता पाहता मला एकाएकी आमच्या भजनी मंडळातील पखवाजी आठवला. तो बैठकीपूर्वी पखवाजाच्या डाव्या तोंडावर भिजविलेल्या कणकेचा गोळा थापतो, कारण कातड्याला वजन आले की त्याचा स्वर खाली उतरतो आणि नुसती टणटण करणारे कातडे घुमू लागते. शेकडो वर्षे कणीक करीत आली तेच काम येथे रबर करीत होते. फरक इतकाच, की पखवाजाचे कातडे घुमण्यासाठी जड करावयाचे आणि दाराचा पत्रा गप्प बसण्यासाठी. थर लावून झाल्यावर त्याने पुन्हा टिचकी मारली. मघाचा ‘टण्ण’ आता ‘ठप्’ झाला होता, चांगल्या सागवानी दरवाजासारखा.

पुढे त्याने दीड व्होल्टचा एक साधा सेल घेतला आणि त्याच्या तारा दोन्ही स्पीकरांना पाळीपाळीने लावून पाहिल्या. उजवा पडदा बाहेर उसळला. डावा आत गेला. म्हणजे धन आणि ऋण तारांची अदलाबदल होऊन माझे दोन स्पीकर आजवर एकमेकांविरुद्ध ढकलत होते, बांधावरच्या त्या सख्ख्या भावांसारखे. त्याने तारा बदलल्या. पत्रा आणि स्पीकर यांच्या दरम्यान लाकडी कडे बसविले, सळईला कापडी पट्टी गुंडाळली, नव्या क्लिपा लावल्या, आणि चालकाच्या आसनाखाली आठ इंची चपटा वूफर सरकवून 80 कंपनांखालचा सारा कारभार त्याच्याकडे सोपविला, जेणेकरून दारांना न झेपणारे ओझे दारांवर राहू नये. मी उत्साहाच्या भरात दाराच्या तळाची भोकेही बुजवावयास सांगितली, तेव्हा मात्र तो हसला. काचेवरून पावसाचे जे पाणी दारात उतरते ते त्या भोकांवाटे बाहेर जाते. ती बुजविली तर दारात तळे साचून पत्रा गंजतो. काही छिद्रे गळतीची असतात आणि काही निचऱ्याची. दोहोंतला भेद कळणे हीच कारागिरी.

रात्री जेवणानंतर मी जावईबापूंना प्रात्यक्षिक दाखवावयास निघालो. त्यांनी अदबीने घड्याळ दाखविले. सन 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 10 नंतर 45 डेसिबल ही मर्यादा आहे, हे मला तोंडपाठ असून त्यांना ठाऊक असावे याचा मला आनंद आणि विषाद एकदमच झाला.

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर पाटस मागे पडले आणि मी भजन लावले. पखवाजाचा डावा हात रजेवरून परत आला होता. तो आसनातून, पाठीतून, पोटातून आला. आणि विशेष हे, की मी आवाज पूर्वीपेक्षा कमी ठेवूनही आला. दारे निःशब्द होती. मी डोळे मिटणारच होतो, परंतु गाडी मीच चालवीत असल्याकारणाने तसे केले नाही. आणि वरवंड येता येता खर्जाच्या प्रत्येक थापेबरोबर कोठून तरी एक नाजूक किणकिण ऐकू येऊ लागली.

मी दार दाबले, झडप दाबली, मोटार कडेला घेतली. कारागिराला दूरध्वनी करून रागाचे चार शब्द बोलावेत या विचारात मी असता कुटुंब खाली उतरले, मागे गेले आणि त्यांनी डिकी उघडली. जादा चाकाच्या खळग्यात, माझ्याच उपरण्यात गुंडाळलेले, माझेच टाळ होते. तुकोबांची पालखी याच वरवंडला मुक्कामी असताना मी ते घेऊन आलो होतो, परतताना डिकीत ठेविले होते, आणि पुढे चार महिने घरभर शोधून नातवाने हरविले असा ठपकाही ठेविला होता.

“अहो,” कुटुंब म्हणाले, “डिकी पाहिली होती ना तुम्ही?”

मी टाळ मांडीवर घेतले आणि घरापर्यंत आवाज बंद ठेवला. घरी आल्यावर नातवास पाच रुपये दिले, वर एक आइस्क्रीम दिले, आणि दप्तर काढून मूळ पंचनाम्यात ‘डिकी’ या सदरापुढील ‘निरंक’ हा शब्द खोडून ‘टाळ, जोड एक’ असे लिहिले. खाडाखोडीवर रीतीप्रमाणे सही केली आहे.