दिवाळीनंतर बसवू

घरच्या घरी विमान बांधणारा माणूस जगात कुठंही सापडतो. अमेरिकेत अशांची संघटना १९५३ पासून आहे आणि दर उन्हाळ्यात ऑश्कॉशला त्यांची जत्रा भरते. आपण सोयीसाठी त्याला बार्शीत बसवू. इथं विमान जुन्या गोठ्यात असतं आणि त्याच्या शेपटीला टेकून ज्वारीची पोती. गाव त्याला पायलट म्हणतं. विमानात तो एकदाच बसलाय, पुणे ते दिल्ली, तेही मधल्या सीटवर.

बार्शीत विमान कशाला, असं कुणी विचारलं की तो कॅलथ्रॉप काढतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप म्हणजे १८९७ मध्ये अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू करणारा इंग्रज. त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉइसमधला रोल्स, १९१० साली विमान अपघातात गेला. पुढे कॅलथ्रॉपनं ‘गार्डियन एंजल’ नावाचं पॅराशूट तयार केलं. इथवर सगळं खरं आहे. बार्शीचं पाणी प्यालेला माणूस आज ना उद्या आकाशाकडं वळतोच, हा निष्कर्ष मात्र पायलटचा स्वतःचा.

दुसरा दाखला कॅप्टन अमोल यादवांचा. कांदिवलीत, चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. २०१६ मध्ये ते मुंबईत ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडलं गेलं, २०१७ मध्ये त्याला व्हीटी-एनएमडी अशी नोंदणी मिळाली आणि २०२० मध्ये धुळ्यात त्याची उड्डाण चाचणी झाली. पायलट हे आठवड्यातून दोनदा सांगतो. यादव पेशानं वैमानिक आहेत, हे सांगायचं त्याच्याकडून राहून जातं.

त्याचं स्वतःचं विमान कॅनपीवर अडलंय. कॅनपी म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचा पारदर्शक घुमट. हा काचेचा नसून अ‍ॅक्रिलिकचा असतो आणि अ‍ॅक्रिलिकचा स्वभाव नव्या जावयासारखा: कधी कशानं तडकेल, नेम नाही. साधं ड्रिल लावलं तर बिट आत ओढलं जातं आणि भोकापासून चीर धावते. म्हणून बिटची धार मुद्दाम मारून घ्यायची. थंडीत तर भोक पाडायचंच नाही. थंड मुलखातले हौशी लोक त्यासाठी गॅरेजमध्ये हीटर लावतात. बार्शीत मे महिन्यात ही सोय फुकट आहे.

भोकं नकोत म्हणून हल्ली अनेक जण कॅनपी सांगाड्याला सरळ चिकटवतात. पायलटनंही तेच ठरवलंय आणि खरी कथा तिथून सुरू होते. तीस अंशांनी तापलं तर मीटरभर अ‍ॅक्रिलिक दोन मिलिमीटर वाढतं. तेवढ्याच लांबीचं अ‍ॅल्युमिनियम पाऊण मिलिमीटरही वाढत नाही. डिसेंबरची पहाट आणि मेची दुपार यांत बार्शीत एवढा फरक सहज पडतो. गोंद दगडासारखा कडक असला तर या ओढाताणीत काच तरी फुटेल नाहीतर जोड तरी सुटेल. म्हणून रबरासारखा लवचीक पॉलियुरेथेन घ्यायचा आणि त्याचा थर जाड ठेवायचा. मधूनमधून रबराचे छोटे तुकडे ठेवले की काच दाबल्यावर तो सगळा पिळून बाहेर येत नाही. कड सँडपेपरनं घासायची, प्रायमर लावायचा, दोन्ही बाजूंनी टेप मारायची. शिवाय उन्हातले अतिनील किरण काचेतून थेट जोडापर्यंत पोचू नयेत म्हणून कडेनं काळा पट्टा ओढायचा. हे सगळं पायलटला झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवता येतं.

एकदा त्यानं स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याला सल्ल्यासाठी बोलावलं. त्यानं कॅनपीभोवती एक चक्कर मारली. “सिलिकॉन मारा की मालक! माझ्या खिडक्या दहा वर्षं हलल्या न्हाईत.”

“तुमच्या खिडक्या ताशी दोनशे किलोमीटरनं जातात का?”

“न्हाई, पर गळत बी न्हाईत.”

सिलिकॉनचा हात एकदा लागला की त्या जागी पुढं रंग धरत नाही आणि दुसरा गोंदही धरत नाही, हे पायलटनं त्याला समजावलं. चहा पाजला. बोलावल्याचे पैसे त्यानं तरीही घेतले.

घरात कॅनपीची दहशत आहे. थिनर, अ‍ॅसिटोन, पेट्रोल यांतलं काही पुसायला वापरलं तर अ‍ॅक्रिलिकमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात. त्यामुळं पाहुण्यांच्या मुलींनी नेलपेंट घरी पुसून यायचं. धूळसुद्धा कोरड्या फडक्यानं पुसायची नाही, साबणाच्या पाण्यानं धुवायची. खरं तर धुवायला काच अजून कुणी पाहिलेलीच नाही, कारण वरचा संरक्षक कागद काढलेला नाही. तो उन्हाळ्यात फार दिवस राहिला तर काचेलाच चिकटून बसतो, हेही पायलटला ठाऊक आहे. सध्याच्या घडीला चिकटलेलं तेवढंच.

“अहो, या खरिपाच्या आत गोठा मोकळा होईल का?” घरातून विचारणा होते. प्रश्न रास्त आहे. पण हा गोंद हवेतल्या दमटपणानं वाळतो आणि एप्रिल-मेमध्ये बार्शीच्या हवेत दमटपणा असतो कुठं? म्हणून पायलट पावसाची वाट बघतो. पाऊस पडला की गोठा गळतो, आणि ओल्या कडेवर प्रायमर लावायचा नसतो. पितृपंधरवड्यात शुभकार्य नको. दिवाळीनंतर गोठा कोरडा, छान, पण तोवर थंडी आलेली असते आणि थंडीत अ‍ॅक्रिलिक तडकतं. भोकं पाडायचीच नाहीत तर तडकेल कसं, हे त्याला अजून कुणी विचारलेलं नाही.