आमटीतले मीठ: एक समीक्षामीमांसा

‘आमटी अळणी झालीय’ हे तीन शब्दांचे समीक्षण असून त्याला पुरावा लागत नाही. त्याच आमटीला त्याच पंगतीत सासरे ‘झकास’ म्हणतात, मुलगा ‘खारट’ म्हणतो आणि पाहुणे ‘वा’ म्हणून भाताकडे वळतात. पातेले एक, अभिप्राय चार. पूर्वपक्ष असा की यांतले निदान तिघे चुकत असणार. आम्हांस तो मान्य नाही. ज्याने आधी लोणच्याची फोड चोखली, त्याची जीभ मिठाला सरावलेली असते. पुढचा भुरका त्याला अळणीच लागणार. सबब मत देण्यापूर्वी समीक्षकाने लोणचे खाल्ले होते की नाही, हे जाहीर करावे. (वाङ्मयीन समीक्षकांनीही करावे, तिथे लोणच्याच्या जागी मित्राचे पुस्तक धरावे.)

आता कर्त्याचा हेतू. ‘मीठ मुद्दामच बेताचं घातलंय, तुमचं बीपी वाढलंय’ हे स्वयंपाकघरातून येणारे भाष्य. लेखकाचा हेतू हे कृतीचा कस ठरवण्याचे माप नव्हे, आणि तो हाती लागतही नाही, असे विम्सॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ साली मांडले. त्यांना वाढायला कोणी उभे नसावे. इथे हेतू न मागता हाती लागतो, शेजाऱ्यांच्याही. रोलाँ बार्थने १९६७ साली लेखकाचा मृत्यू जाहीर केला. आमच्या निरीक्षणानुसार लेखिका हयात असून तिच्या हातात पळी असते. तरीही आमटी अळणीच राहते. हेतू कळल्याने आदर वाढतो, खारटपणा नाही.

भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस समजावताना जेवणाचाच दाखला दिला. नाना व्यंजनांचे अन्न खाऊन सुमनस लोक रस चाखतात, असे ते सांगतात. रांधणाऱ्याच्या मनात काय होते, याची चौकशी करीत नाहीत. ‘सुमनस’ ही अट मात्र कठीण. विरार लोकलमधून उतरून थेट पानावर बसणाऱ्याकडून ती पुरी होणे नाही.

मराठी ताटाने हा तंटा बार्थच्या पुष्कळ आधी मिटवला: वरच्या टोकाला चिमूटभर मीठ वाढून जेवणाऱ्याला सहलेखक करून टाकले. नैवेद्याच्या पानात मात्र मीठ वाढत नाहीत. तो स्वयंपाक चाखायचाही नसतो, म्हणजे संहिता खुद्द लेखिकेनेही वाचलेली नसते. देवाला दुरुस्तीचा हक्क नाही. त्याने तक्रार केल्याची नोंदही आम्हांस आढळली नाही. तक्रार येते ती प्रसाद म्हणून तेच पान पुढे ओढणाऱ्याकडून, पहिल्याच घासाला.