धावपट्टीशेजारचे नाना

पुण्याच्या ईशान्येस लोहगावच्या विमानतळाभोवती धानोरी, कळस, विमाननगर अशा ज्या वस्त्या पसरल्या आहेत, त्यांतील प्रत्येक गल्लीत एक तरी सेवानिवृत्त गृहस्थ असा आढळतो की, माथ्यावरून लढाऊ विमान गेले असता पाहुण्याच्या हातातील कपबशी थरथरते, तान्हे मूल किंचाळते, आणि याच्या मुद्रेवर मात्र चिरंजीवांनी परीक्षेत पहिला नंबर काढल्याचे तेज चढते. सोयीसाठी त्यांना आपण नाना म्हणू.

हा तळ 1939 सालचा. नानांची सोसायटी त्यानंतर पुष्कळ वर्षांनी उभी राहिली. अर्थात आगंतुक कोण हे उघड आहे; परंतु त्यांचे बोलणे ऐकून, विमानदलास ती जागा नानांच्याच वडिलार्जित इनामातून मिळाली असावी, असा कोणाचाही ग्रह व्हावा. मिग-29 विमाने येथे 1987 मध्ये आली, सुखोई-30 एमकेआय येथेच 2002 मध्ये दलात दाखल झाले, ही सनावळी त्यांना मुखोद्गत. धाकट्या कन्येच्या विवाहाचे साल मात्र काकूंना विचारावे लागते.

गडगडाट सुरू होताच नाना वाक्याच्या मध्येच थांबतात आणि तो विरताच नेमक्या त्याच क्रियापदापासून पुढे चालू लागतात. या विरामांत काकू जे काही म्हणून घेतात ते आजवर कोणास ऐकू आलेले नाही. संसार टिकला तो त्यामुळेच, असा माझा अदमास आहे.

नवखा पाहुणा आवाजाच्या दिशेस पाहू लागला की नाना मंद स्मित करतात. ध्वनी सेकंदास सुमारे 340 मीटर चालतो, तो आपल्या कानी पोचेपर्यंत विमान पुढे गेलेले असते, सबब आवाजाच्या पुढे पाहावे, हा त्यांचा पहिला पाठ. उड्डाणसमयी एंजिनाच्या तप्त झोतात पुन्हा इंधन फवारून पेटवितात, म्हणून हा प्रलयंकर नाद, हा दुसरा. त्याच धावपट्टीवरून उतारूंची विमानेही ये-जा करतात. पण नानांच्या दप्तरी ती एस.टी.च्या खाती जमा आहेत.

यावरून नाना आवाजाविषयी उदार असतील असे मात्र कोणी समजू नये. वरच्या मजल्यावरील मिक्सर, समोरच्या मंगल कार्यालयातील बँड व शेजारचे कुत्रे यांच्याविरुद्ध त्यांचे अर्ज, स्मरणपत्रे आणि स्मरणपत्रांची स्मरणपत्रे रीतसर दाखल आहेत. मिक्सर देशाचे रक्षण करीत नाही, हा त्यांचा युक्तिवाद, आणि त्याचे उत्तर वरच्या मजल्यास अद्याप सुचलेले नाही. भाडेकरू खोली पाहावयास यावयाचा असला, की नाना उड्डाणांची वेळ टाळून त्यास बोलावतात. राष्ट्रप्रेम निराळे, व्यवहार निराळा.

आपणांस त्यांच्या घरी जावयाचे असल्यास सराव चालू असेल अशाच दिवशी जावे. आकाश मोकळे असले की नाना अखंड बोलतात.