दोन खंड, एकही हस्तर नाही

सिनेमा संपला की चपला शोधता शोधता "पुस्तकाची मजा नाही बुवा" असं म्हणणारा एक माणूस प्रत्येक घराण्यात नेमलेला असतो. आमच्याकडे हे खातं दारव्ह्याच्या भाऊजींकडे आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झाल्यापासून ते पूर्णवेळ सांभाळतात. त्यासाठी पुस्तक वाचलेलं असावं, अशी सक्ती ते स्वतःवर करत नाहीत. हॅरी पॉटरचे सिनेमे टीव्हीवर लागले की दर दहा मिनिटांनी नातवंडांना सांगायचे, "मूळ कादंबरीत हे असं नाही हं." ती पुस्तकं त्यांनी फक्त नातवाच्या कपाटात, काचेतून पाहिलेली. तरी त्यांचं म्हणणं बहुधा बरोबर निघायचं, कारण मूळ कादंबरीत असं कधीच नसतं.

त्यांची खरी परीक्षा 'तुंबाड'ने घेतली.

राही अनिल बर्वेंचा हा सिनेमा १२ ऑक्टोबर २०१८ला थेटरात आला. तेव्हा यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फुटू लागलेली, वेचणीला बाया मिळेनात, राक्षस पाहायला जातो कोण? आम्ही तो पुढच्या मे महिन्यात घरी टीव्हीवर पाहिला, कूलरसमोर सगळे ओळीने बसून. पडद्यावर सारखा पाऊस. आत्याला भीती वाटायच्या आधी राग आला. "एवढं पाणी हाय, तरी हे लोकं सोन्याच्या मांगं कायले लागले? शेती करा ना!"

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: हस्तर हा समृद्धीच्या देवीचा लाडावलेला पहिला मुलगा. त्याने आईकडचं सोनं बळकावलं. मग धान्यावर हात टाकायला गेला तर बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडले. आईने त्याला पोटात लपवून वाचवलं. तेव्हापासून तो उपाशी आहे. कुठल्याही पुराणात हा देव सापडत नाही, तो सिनेमावाल्यांनीच घडवला, आणि असा घडवला की आत्या दुसऱ्या दिवशी कीर्तनकारांना त्याची कथा विचारून आली. सिनेमाचा नायक विनायक दोराला लोंबकळत देवीच्या गर्भात उतरतो, भोवती पिठाचं रिंगण आखतो, हस्तरपुढे कणकेची बाहुली टाकतो आणि तो ती खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातून सोन्याच्या मोहरा ओढतो.

इथे आमच्या घरात सिनेमा थांबवावा लागला. आत्याच्या लहानपणी घरात ज्वारी. गव्हाची पोळी सणावारालाच. तिचा प्रश्न रास्त होता: आपल्याकडे हे जमलं असतं का? ज्वारीच्या पिठाची बाहुली करून पाहा. हात लावला की तिला तडा जातो, भाकरी थापतानाच काठ फाटतात. ती घेऊन दोरावरून विहिरीएवढं खोल उतरायचं म्हणजे खाली पोचेपर्यंत हातात नुसता भुगा. मग हस्तरने काय खावं? तर विनायकाला! वऱ्हाडातल्या माणसाला फुकटचं सोनं का मिळालं नाही, याचा छडा आमच्या घरात असा लागला. पुढे विनायकाकडून मोहरा विकत घेणारा सावकार मेला, तेव्हा दिग्दर्शकाला अपेक्षित असलेली शांतता आमच्या हॉलमध्ये काही पसरली नाही. टाळ्या पडल्या.

सिनेमा संपला. भाऊजी उठले. "चांगला हाय, पण पुस्तकाची मजा नाही."

"कोणतं पुस्तक, भाऊजी?"

"कोणतं म्हणजे? 'तुंबाडचे खोत'! श्री. ना. पेंडसे!"

आणि या खेपेला, खातं सांभाळू लागल्यापासून बहुधा प्रथमच, ते वाचनालयात गेले आणि पुस्तक घेऊन आले. दोन जाडजूड खंड. पेंडशांची ही कादंबरी १९८७ची; कोकणातली जगबुडी नदी, तिच्या काठचं तुंबाड, खोतांच्या एकामागून एक पिढ्या. मृग लागला, पेरण्या झाल्या, भाऊजी वाचतच होते. फोनवर बातमी यायची: "खोतांचं भांडण लागलं हाय. हस्तर नाही अजून." मग: "माणसं जबरदस्त हायेत बावा. हस्तर दुसऱ्या खंडात येईन."

मी काही बोललो नाही. सिनेमाने पेंडशांकडून फक्त गावाचं नाव घेतलं आहे, हे मला ठाऊक होतं. पण माणूस एवढा रंगात आलेला असताना त्याच्या ताटातली वाटी कशी उचलायची? खरं मूळ माझ्याच कपाटात होतं. त्याच वर्षी जानेवारीत यवतमाळला ९२वं मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष अरुणा ढेरे. पण आधी नयनतारा सहगल यांना उद्घाटनाला बोलावून मग नको म्हटल्याचा धुरळा एवढा उडाला की पुस्तकं दिसेनाशी झाली. त्या धुरळ्यातून मी नारायण धारपांची दोन-तीन पुस्तकं आणली होती. भाऊजींनी तेव्हा ती चाळून "भुताखेताचं" म्हणत बाजूला सारली होती.

सिनेमाचा पहिला भाग उभा आहे तो धारपांच्या 'आजी' या कथेवर. आणि 'आजी'ची आई अमेरिकेत: स्टीफन किंगची 'ग्रामा' ही कथा. आई जखमी भावापायी घराबाहेर जाते, घरात उरतात एक पोरगा आणि एक भयंकर म्हातारी. किंगची कथा या घराबाहेर पडत नाही. 'तुंबाड'मध्ये हे संपतं तेव्हा सिनेमा सुरू होतो. देवी, हस्तर, कणीक, १९४७ साल, सरकारच्या ताब्यात जाणारा वाडा, बापाहून हावरा निघालेला पोरगा: यातलं किंगकडे काही नाही. तेव्हा कोणी काय चोरलं असं विचारणाऱ्याने आधी मोहरा मोजाव्यात.

पण सगळ्यांत गमतीचा दुवा आपल्या विदर्भातला आहे. बर्वेंना धारपांची ही कथा आधी वाचायला मिळालीच नाही. १९९३मध्ये नागझिऱ्याच्या अभयारण्यात एका मित्राने ती त्यांना तोंडी सांगितली, आणि ते हादरले. १९९७मध्ये, अठराव्या वर्षी, त्यांनी पहिला खर्डा लिहिला. पुढे सातशे पानांची चित्रं काढली. भाऊजींच्या खात्याला यातून मोठाच धोका आहे. पुस्तक श्रेष्ठ की सिनेमा, या भांडणात इथे तिसराच गडी बाजी मारून गेला: रात्री जंगलात गोष्ट रंगवून सांगणारा तो मित्र. त्याने काय वाढवलं, काय गाळलं, कुठे थांबून पाणी प्यायला, याची नोंद नाही. माझा कौल त्याला.

दिवाळीच्या सुमारास भाऊजी दुसरा खंड संपवून आले. आता त्यांना सगळं सांगावं लागणार, म्हणून मी तयारीत होतो. तर तेच म्हणाले, "त्या सिनेमावाल्यानं हस्तर उगाच घुसडला. पेंडशांले त्याची गरजच नाही पडली."

यावर काय बोलणार? सगळं चुकीचं होतं आणि निकाल बरोबर. धारपांची पुस्तकं मात्र ते जाताना न विचारता पिशवीत घालून घेऊन गेले. तेव्हा यवतमाळच्या वाचनालयात कुणी 'तुंबाडचे खोत'चा दुसरा खंड शोधत असेल तर उगाच ग्रंथपालांशी भांडू नका. तो अजून दारव्ह्यात आहे, आणि त्याचं दुसरं पारायण चालू आहे.